थोरलीची लाइन

"तू कुठल्या लाइनला?" असं लोक आमच्या थोरलीला विचारतात. शिक्षण कोणत्या शाखेचं, एवढंच त्यांना हवं असतं. ती म्हणते, "खांबावरच्या." विचारणारा हसतो. मला मात्र हसू येत नाही. थोरली विजेच्या खात्यात आहे. तार तुटली, फांदी कोसळली की कमरेला पट्टा आवळून ती खांबावर चढते, आणि उतरून फोन करेपर्यंत मी स्वयंपाकघरातले डबे या फळीवरून त्या फळीवर हलवत असते.

कॉलेजात लाइन हा शब्द पहिल्यांदा नीट भेटला तेव्हा किती गरीब वाटला होता! आमच्या इंग्रजीच्या बाई सांगायच्या, लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत आणि त्याच्या सुताच्या दोरीला लिनिआ. त्यावरून लाइन. म्हणजे मुळात ताणून धरलेला एक धागा. शिंपी अस्तराला लायनिंग म्हणतो, तेही याच कुळातलं. पूर्वी अस्तर त्याच सुताचं असे. पुढे या धाग्याने काय काय पोटात घातलं! रेघ, रांग, कवितेची ओळ, आगगाडीचा रूळ, फोन, धंदा. पोरगं बिघडलं की लाइन सोडून गेलं म्हणतात, आणि मुलींच्या मागे हिंडलं की लाइन मारतं म्हणतात. इतक्या अर्थांतून माझ्या लेकीने उचलला तो नेमका हात लावला तर जीव घेणारा.

खरं तर तिने तो घरातूनच उचलला. तिचे बाबा गवंडी. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर साइटवर जायची आणि लाइनदोरीचं दुसरं टोक धरून बसायची. "नजरेवर जाऊ नकोस, दोरी बघ," हे त्यांचं पालुपद. भिंत सरळ दिसत असली तरी ही पोर दोरी लावल्याशिवाय मानायची नाही. पुढे वायरमनचा कोर्स केला, नोकरी लागली. सुरुवातीला मुकादम तिला मुद्दाम "मॅडम, शिडी जड तर नाही ना?" म्हणायचा. आता "ताई" म्हणतो. मी मात्र रोज एकच घोकत होते, "टेबलावरचं काम माग. शिकलेली आहेस, कुणी नाही म्हणणार नाही."

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी आमच्याच गल्लीतली तार तुटली, आणि आली तीही थोरलीचीच गाडी. मी गॅलरीत. विजेच्या खात्यात एक रीत आहे: डीपीतले फ्यूज काढायचे आणि ते जो चढणार त्याच्याच खिशात ठेवायचे, म्हणजे मागून कुणी वीज सोडणार नाही. थोरलीने खिसा थोपटून पाहिला.

"झालं ना? मग चढ की ताई," मुकादम म्हणाला. "लोकांनी डोकं खाल्लंय."

"साखळी द्या."

"अगं, लाइन मेलीये!"

"मेलीये तर नीट पुरून टाकू, काका. द्या."

साखळीचं एक टोक तारांना अडकवायचं, दुसरं जमिनीत ठोकलेल्या सळईला. मग कुठून वीज आलीच तर माणसात न शिरता मातीत जाते. मुकादम पुटपुटला, "हिचं लग्न लावायचं तर आधी मांडवाला साखळी लावावी लागेल." पण दिली.

तेवढ्यात तिचे बाबा जेवायला घरी आले. वर लेक उन्हात लोंबकळताना पाहिली आणि त्यांना राहवेना. "उतरली की घटकाभर पंख्याखाली बसेल पोर," म्हणत साइटवरचा जनरेटर टेम्पोतून उतरवून अंगणात ठेवला. दोन्ही टोकांना पिन असलेली त्यांची एक वायर होती. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी आमच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये. साइटवर ते नेहमी असंच करत. पण तिथे बाहेरून लाइन आलेलीच नसते. आमच्या घरात ती होती, आणि मेन स्विच चालूच, म्हणजे जनरेटरची वीज उलटी खांबाकडे जायला वाट मोकळी.

पंख्याने गिरकी घेतली. "अहो, लागला!" मी आनंदाने ओरडले. त्याच क्षणी खांबावर, थोरलीच्या हातापासून जरा पलीकडे, साखळीच्या कडीपाशी निळी ठिणगी उडाली. अंगणात जनरेटर कण्हला आणि बंद पडला.

"कुणाचा जनरेटर?" ती वरून किंचाळली. "कुणाचा आहे तो?"

मुकादम घराघरांतून धावत आमच्या दारात आला. वायरची दोन्ही टोकं पाहून त्याने कपाळावर हात मारला. पाठोपाठ थोरली. तिचे बाबा वायर धरून उभे. "पंखा..." एवढंच म्हणाले.

"बाबा, मेन बंद केला नव्हतात." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाणी प्यायली आणि उरलेलं काम करायला परत वर गेली. यांनी पक्कड घेऊन वायरची एक पिन तोडून टाकली, आणि जेवले नाहीत.

त्या दिवसापासून टेबलाचं नाव मी काढलेलं नाही. कुठल्या तोंडाने काढू? तिच्याकडे धावलेली वीज आमच्याच भिंतीतून, आमच्याच मायेने सोडलेली. तिला वाचवलं ते तिच्या हट्टाने. आता ती निघाली की मी "सांभाळून" म्हणत नाही. विचारते, "साखळी घेतलीस?"

"हो गं आई."

हे "हो गं" मला लहानपणापासून ठाऊक आहे. दूध प्यायलीस का, तर हो गं. आणि दूध खिडकीतल्या कुंडीत.

आज संध्याकाळपासून वारा सुटलाय आणि ती अजून आलेली नाही. मघाशी फोन लावला तर लाइन बिझी. बिझी म्हणजे बोलतेय, म्हणजे खाली आहे, हात मोकळे आहेत. की तिच्या फोनवरून दुसरंच कुणी बोलतंय? हे इतकं लिहून झालं तेवढ्यात पुन्हा लावला. पलीकडे वाजतोय. हे अंधारात उठून बसलेत. "उचलला का?" विचारतात. वाजतोय अजून.

"आई, वर होते गं."

मी तिला आधी साखळीचंच विचारलं.