आमच्या अल्काइन लॅबमधली मंडळी

लॅबमध्ये हवा तो पदार्थ क्वचितच तयार होतो. किस्से मात्र रोज तयार होतात, आणि तेही भरपूर!

भोपाळच्या आमच्या छोट्याशा लॅबमध्ये मी आणि गौरी पीएचडी करत होतो. गाइड होते इंदूरचे पुराणिक सर. अल्काइन, म्हणजे ज्यांत दोन कार्बन तिहेरी बंधानं जोडलेले असतात असे रेणू, आम्ही एकमेकांत गुंफून लांब साखळ्या करायचो. जमलं तर साखळीला सुंदर रंग येतो, कधी ती प्रकाशही देते. नाही जमलं तर फ्लास्कच्या तळाशी डांबर!

साखळी सुरू करून देणारा आमचा कॅटॅलिस्ट ओलावा लागला की मरायचा. एका जुलैत गौरीचे सगळे प्रयोग फसले. रडवेली होऊन ती सरांकडे गेली.

सर म्हणाले, "त्याची तरी काय चूक गं? पाण्याला भिणाऱ्या जीवाला आपण तलावांच्या गावात आणून ठेवलंय!"

शेवटी एकदाची साखळी जमली. द्रावण मिथेनॉलमध्ये ओतल्यावर पिवळे धागे खाली बसले. गौरीनं ते गाळून, वाळवून मोठ्या अभिमानानं सरांपुढे ठेवले. जेमतेम चिमूटभर.

"इतके महिने घालवून एवढीच शेव? आमच्या इंदूरला पोह्यांवर याहून जास्त घालतात!"

मग गौरीला बघायला नागपूरची मंडळी आली. मुलाच्या आईनं विचारलं, "तू करतेस तरी काय?"

"पॉलिमर बनवते."

"म्हणजे प्लास्टिकच ना? अगं, ते तर बंद होणार म्हणतात!"

स्थळ तिथंच बारगळलं.

माझं अल्काइन भलतंच उग्र वासाचं. कितीही काळजी घेतली तरी ओढणीला वास राहायचाच. एकदा नेहरू नगरला घरी जाताना ऑटोवाल्या म्हाताऱ्या चाचांनी मध्येच ऑटो थांबवली.

"बेटा, उतरो. गैस की बू आ रही है."

मी म्हटलं, "चाचा, मेरे दुपट्टे की है. केमिकल है, गैस नहीं."

ते शांतपणे म्हणाले, "भोपाल में ये फ़र्क़ कौन करेगा, बेटा?"

दुसऱ्या दिवसापासून मी कपड्यांचा एक जोड लॅबमध्येच ठेवला.

आणि गौरीचे बाबा! सरकारी नोकरीमुळे नागपूरहून इकडे आलेले, आता रिटायर होऊन भोपाळच्याच कोटरा भागात राहणारे. लेकीचं शिक्षण लांबतंय म्हणून वैतागलेले. एका सकाळी "हिचं नाव कमी करा, असं सांगतोच तुझ्या सरांना" म्हणत ते थेट लॅबमध्ये आले. हातात एक पिशवी. गौरीचा चेहरा पांढराफटक.

सरांनी त्यांना खुर्ची दिली, खोलीतला लाइट बंद केला आणि म्हणाले, "गौरी, दाखव बाबांना."

तिनं आपल्या पॉलिमरच्या बाटलीवर यूव्ही दिवा धरला. फिकट पिवळं द्रावण एकदम हिरवंगार उजळलं.

बाबा वाकले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"हे तू केलंस?"

"हो."

"आत दिवा नाही?"

"नाही बाबा. हे रेणूच उजळतात."

मग सरांनी लाइट लावला. "हं, बोला. काय सांगायचं होतं?"

बाबांनी मांडीवरची पिशवी उचलली.

"काही नाही, सर. पोरगी सकाळची उपाशीच निघते. डबा आणलाय. कुठे ठेवू?"