तो आवाज कोणाचा, मी सांगितलं नाही

साहेबाने माझी पेटी उलटी केली. परकर, ब्लाउज, महिन्याच्या वेळचे धुऊन ठेवलेले कपडे, सगळं फरशीवर. काठीच्या टोकाने एकेक उचलून बघितलं. दारात गल्ली जमलेली.

"मासी, लोग इसमें भी पेनड्राइव छुपाते हैं," तो म्हणाला. बाकीचे पोलीस हसले.

मी भिंतीला चिकटून उभी. सुरतेच्या लिंबायतमध्ये आयुष्य गेलं, पण परक्या पुरुषासमोर मान वर केली नव्हती.

माझी मुलगी मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवते. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगाच्या पाण्याची टाकी साफ करताना माणूस मेला. मिलवाले म्हणाले, तो आमचा नव्हताच. मुलीने खरी बातमी दिली. म्हणून ही झडती.

मेलेल्याची बायको शेजारच्या खोलीतली, आमच्याच खानदेशातली. तिला बोलायला मीच तयार केलं. ती म्हणाली होती, "माय, मन्हं नाव कोठेच येवाले नको." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

त्यांनी पोरीचं बोट धरून फोनवर दाबलं. फोन उघडला. त्यातलं शेजारणीचं रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावलं. ती बोलत होती, मध्येच रडत होती.

"मासी, ये किसकी आवाज है? नाम बता दो, फोन यहीं छोड़ जाएँगे."

मी खाली कपड्यांकडे बघत राहिले.

"कितना पढ़ी हो?"

"चौथी."

"तभी बेटी पत्रकार बन गई."

पुन्हा हसले. माझे कपडे त्यांच्या बुटांखाली होते. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"नाम नहीं बताऊँगी."

 

ते फोन घेऊन गेले. गल्लीने मात्र तो आवाज ऐकला होता, ओळखला होता. कोणीतरी मिलमध्ये जाऊन सांगितलं. मिलचा माणूस तिच्या दारात आला. दुसऱ्या दिवशी ती पोरांना घेऊन गावी निघाली. जाताना माझ्यासमोर थांबली.

"मन्हं नाव तूच सांगं ना?"

नाही म्हटलं. शपथ घेतली. तिने ऐकलं नाही. रिक्षात बसली, वळून बघितलं नाही. तिच्या दाराला कुलूप आहे. मला जेवण जात नाही.

पोरगी म्हणते, "आई, आता माझ्याशी कोण बोलणार? बंद करते चॅनल."

मी तिला सांगितलं, कोणाचा तरी फोन माग. उद्या माझं बोलणं घे. या घरात त्यांनी काय केलं ते मी सांगणार. तोंडावर पदर घेणार नाही. खाली नाव टाक. माझं, पूर्ण.