खालची दुसरी उपदाढ

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीपर्यंत पोचलेलं नाही आणि मराठी मी शाळेत शिकलो. अशा माणसानं आठवणी लिहायला बसावं हे मलाच जरा जास्त वाटतं. त्यात विषय दातांचा, आणि लिहितोय रागात. राग गेल्यावर लिही, असं खोलीतल्या मित्रानं सुचवलं होतं. थांबून पाहिलं. तो जात नाही, म्हणून तसाच लिहितो.

मी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी आम्हाला दात ओळखायला शिकवतात. टेबलावर खरे, काढलेले दात मांडून ठेवतात आणि घंटा वाजेपर्यंत प्रत्येक दात कोणता, वरचा की खालचा, उजवा की डावा, हे लिहायचं असतं. सुळा कुणालाही ओळखू येतो. दाढही येते. या दोघांच्या मध्ये, प्रत्येक बाजूला वर दोन आणि खाली दोन, ज्या उपदाढा असतात, त्यांनी माझं वर्ष खाल्लं. त्यांचा मला तिटकारा होता. वरची पहिली उपदाढ बहुधा दोन मुळांची, आणि सुळ्याकडच्या अंगाला तिला एक खळगा असतो. वरची दुसरी एका मुळाची, तिचे दोन्ही उंचवटे जवळजवळ सारख्या उंचीचे, माथ्यावर बारीक सुरकुत्या. खालची पहिली तर दाढ म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. तिचा गालाकडचा उंचवटा उंच आणि टोकदार, जिभेकडचा मण्याएवढा, नावापुरता. समोरून पाहिलं तर दुसरा सुळाच वाटते. खालच्या दुसरीला दोन उंचवटे असतात किंवा तीन. तीन असले तर गालाकडे एक मोठा आणि जिभेकडे दोन लहान.

मी बरोबर उत्तर लिहायचो आणि घंटेच्या आत खोडायचो. शिकवणाऱ्या मॅडम माझा कागद उचलून वर्गाला दाखवायच्या. "हे बघा. याला उत्तर येतं, पण याचा त्याच्यावर विश्वास नाही."

आणखी एक गोष्ट आम्हाला पक्की करून घेतली होती. दुधाच्या दातांत उपदाढ नसतेच. लहान मुलाच्या तोंडात त्या जागी दुधाच्या दाढा असतात. त्या पडतात आणि खालून उपदाढा येतात. त्यातली दुसरी दुधाची दाढ चांगली रुंद असते आणि हुबेहूब मोठ्या माणसाच्या दाढेसारखी दिसते. माहीत नसलेला माणूस तिथं हमखास फसतो.

तर गेल्या पावसाळ्यात चार दिवस सुट्टी होती म्हणून मी घरी निघालो होतो. अक्कलकुव्याला उतरलो तेव्हा कळलं, तालुक्याच्या शालेय स्पर्धा चालू आहेत आणि माझ्या काकांची मुलगी धावणार आहे. ती मोलगीकडच्या एका आश्रमशाळेत सातवीत आहे. चौदा वर्षांखालील मुलींची सहाशे मीटर. तालुक्यातून पहिली येणारी एकच मुलगी जिल्ह्याला जाणार होती, आणि जिल्ह्याला चमकली तर खेळाच्या वसतिगृहात निवड होऊ शकते, असं तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं. सुट्टीला घरी आली होती तेव्हा ती दुसरं काही बोलतच नव्हती, असं काकांकडून नंतर कळलं. संधी या वर्षीचीच होती. शाळेतल्या तारखेनुसार पुढच्या वर्षी ती चौदा पार करणार, आणि मग तिला सोळा-सतराच्या मुलींबरोबर पळावं लागणार.

ती जिंकली. दुसरी मुलगी शेवटच्या वळणातून बाहेर येत होती तेव्हा ही रेषेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती.

लगेच बाजारपेठेतल्या एका शाळेचे खेळाचे सर पंचांच्या टेबलाशी गेले. दुसरी आलेली मुलगी त्यांची. गळ्यात शिटी, आवाज मैदानभर जाईल असा.

"हाई पोर चौदानी नही शे."

आश्रमशाळेच्या सरांनी ओळखपत्र पुढे केलं. शिटीवाल्या सरांनी तारीख वाचली आणि हसले. "एक जून! तुमना डोंगरमा समदा पोरं एक जूनलेच जन्मतस का?"

लोक हसले. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. माझीही तारीख एक जूनच आहे. आमच्याकडे मूल कोणत्या पावसाच्या आधी झालं ते आईला आठवतं. तारीख शाळेत टाकतात.

"कागद ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले. "दात पाहू. दात लबाड बोलतस नही."

त्यांनी तिला विचारलंही नाही. एका हाताने तिची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ ओढला आणि मान तिरकी करून आत पाहिलं. बैलबाजारात बैल दोन दाती की चार दाती हे असंच पाहतात. माझे वडीलही पाहतात. बैल मान झटकतो. ती झटकत नव्हती. ती नुकती धावून आली होती आणि तिला श्वासही पुरत नव्हता.

"मोजा. सुळा दोन. दाढा तीन. तिसरी दाढ म्हंजे अक्कलदाढ. ती काय चौदाना आत येस का? सतरा-अठरानी घोडी शे हाई. आमना घर तीन पिढीनं बैल शेतस, दात पाहीसन वय सांगस मी."

आश्रमशाळेच्या सरांनी ओळखपत्र खिशात घातलं. त्यांना संध्याकाळच्या आत जीपभर मुलं डोंगरात परत न्यायची होती, त्यांचं लक्ष आभाळाकडे होतं.

मी पुढे झालो. कसा झालो ते मलाही माहीत नाही. "सर, ती अक्कलदाढ नाहीये."

"तू कोन?"

"मी हिचा भाऊ. दातांच्या कॉलेजला आहे."

"डाक्टर शे का?"

"दुसऱ्या वर्षाला."

"म्हंजे अर्धा," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

पंच वैतागले होते. त्यांनी पेन हलवलं. "बघ बाबा. तूही बघ आणि सांग."

मी नळावर हात धुऊन आलो. आमच्या बोलीत तिला म्हटलं, "जरा उघड."

"तू पण?" ती म्हणाली. मग उघडलं.

मला एका नजरेत दिसलं. सगळ्या वर्षात टेबलाशी जे कधी जमलं नाही ते तिथं, महामार्गाच्या कडेच्या मैदानावर, ट्रकांच्या हॉर्नमध्ये जमलं. सुळ्यामागे खालची पहिली उपदाढ: बाहेरचा उंचवटा टोकदार, आतला मण्याएवढा, सगळा दात जिभेकडे कललेला. सरांनी हिला दुसरा सुळा धरलं होतं. तिच्यामागे रुंद, जास्त पांढरा, हिरडीजवळ फुगलेला दात, माथा घासून सपाट झालेला. दुधाची दुसरी दाढ, अजून न पडलेली. ज्या जागी दुसरी उपदाढ यायची त्या जागी ती बसून होती, आणि सरांनी तिलाच पहिली दाढ मोजलं होतं. तिच्यामागे दोन खऱ्या दाढा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. अक्कलदाढेचा पत्ताच नव्हता.

मी बोट लावून लावून सांगितलं. समोरचे दोन, सुळा एक, ही उपदाढ, ही दुधाची, या दोन कायमच्या. असे सात. अक्कलदाढ आठवी असते. वरच्या जबड्यातही दाखवलं. तिथं दोन्ही उपदाढा आल्या होत्या आणि मागे दोनच दाढा होत्या. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. माझा हात तिच्या हनुवटीला तसाच होता हे तिनं तो झटकला तेव्हा लक्षात आलं.

"दुधना दात एवढा मोठा ऱ्हास का?" शिटीवाले सर लोकांकडे वळून म्हणाले. "याले इच्यारा, बैलना दुधना दात केवढा ऱ्हास."

"बैलाचं वेगळं असतं, सर."

"हां. बैलनं वेगळं, डोंगरनं वेगळं. समदंच वेगळं तुमनं."

पंचांनी हात वर केला. मला म्हणाले, "मला एवढंच सांग. ही पोरगी चौदाच्या आतली आहे, नक्की?"

मला एकच शब्द म्हणायचा होता. पण वर्गात ऐकलेलं एक वाक्य डोक्यात होतं. काही माणसांना खालची दुसरी उपदाढ जन्मापासून नसतेच, आणि मग तिच्या जागची दुधाची दाढ मोठेपणीही टिकते. नसण्याचा मान अक्कलदाढेखालोखाल बहुतेक वेळा याच उपदाढेचा. हिच्या तर दोन्ही बाजूंना दुधाच्या होत्या. खाली उपदाढ आहे की नाही हे एक्स-रे काढल्याशिवाय मला कसं कळणार?

"साधारणपणे, सर," मी म्हणालो.

"साधारणपणे!" शिटीवाल्या सरांनी टाळीच वाजवली. "आयका. डाक्टर साधारणपणे सांगी ऱ्हायना."

मी पुढे बोलत राहिलो. वय दातांवरून नक्की सांगता येत नाही, पण अक्कलदाढ नाही हे तर नक्की आहे, तुमची हरकत अक्कलदाढेचीच होती. दुसरा भाग कुणी ऐकला नाही. पंचांनी काहीतरी लिहायला घेतलं.

तेव्हा माझं डोकं सरकलं. दुसरी आलेली मुलगी शेजारीच तिच्या वडिलांजवळ उभी होती. त्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. मुलीच्या दातांना तारा होत्या आणि सुळ्यांमागे रिकाम्या जागा दिसत होत्या. दात सरळ करायला जागा हवी म्हणून चांगल्या, न किडलेल्या चार उपदाढा काढून टाकतात, ते मला माहीत होतं. आमच्या कॉलेजला अभ्यासासाठी येणाऱ्या बऱ्याच उपदाढा अशाच काढलेल्या असतात.

मी म्हणालो, "मोजूनच ठरवायचं असेल तर हिच्या चार उपदाढा कमी आहेत. हिचं वय किती धरायचं? आठ?"

त्या मुलीनं तोंडावर हात ठेवला.

"ए भैया," तिचे वडील एकदम जवळ आले. "माझ्या पोरीचं तोंड मध्ये आणायचं नाही. समजलं? सगळ्या लोकांसमोर तिचे दात काढतो! शरम नाही?"

पंचही उठले. "माफी माग. आधी माफी माग त्यांची."

मी मागितली. त्या मुलीचीही मागितली, कारण तिनं काहीच केलेलं नव्हतं. माझ्या बहिणीची माफी कुणी मागावी असं त्या टेबलाशी कुणाच्या मनातही आलं नाही. ती तिथंच उभी होती, ओठाला अंगठ्याची माती लागलेली.

मग निकाल असा लागला की उद्या सकाळी यादी जाईल. त्याआधी नंदुरबारहून वयाचा वैद्यकीय दाखला आणा, नाहीतर दुसरी मुलगी जाईल. शनिवारची दुपार उलटली होती. आश्रमशाळेच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे पाडले.

मी तिला बाजूला घेतलं. माझ्या ओळखीचा एक सीनियर नंदुरबारच्या दवाखान्यात बसतो, बसनं जाऊ, एक्स-रेचा एक छोटा फोटो काढतील. खाली दात दिसला की सरकारी डॉक्टरांच्या पाया पडून रात्रीतून दाखला मिळवू.

"तोंड उघडावं लागेल?"

"एकदाच."

"नाही."

"तुला जिल्ह्याला जायचंय ना?"

"जायचंय."

"मग?"

"मी पळाले ना सगळ्यांसमोर? बैल विकायला काढलाय का तुम्ही?" तिनं ओठ पुसला. "तू तर बोट घातलंस."

मी रागावलो. ओरडलो तिच्यावर, मूर्ख म्हणालो, काकांना सांगेन म्हणालो. ती जीपमध्ये जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. यादी दुसऱ्या दिवशी गेली. मी घरी राहिलो त्या दिवसांत ती शाळेतून आली नाही, आणि निरोप धाडला तर उत्तर आलं नाही.

कॉलेजला परतल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "दात बरोबर ओळखलास. मग पुढचं एवढं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"मॅडम, पण खाली उपदाढ नसली असती तर?"

"तर ते एक्स-रेनं सांगितलं असतं. तुला विचारलं त्यांनी तेव्हा तू सांगायचंस, अक्कलदाढ नाही, संपलं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "ते तरीही ऐकणार नव्हते, हेही खरं." त्यांच्याकडून मला मिळालेला दिलासा एवढाच.

खाली उपदाढ आहे की नाही, हा प्रश्न मला सोडेना. नसली तर माझं "साधारणपणे" तरी बरोबर ठरणार होतं. असं वाटायचं याचाही राग यायचा. जिल्ह्याच्या स्पर्धा होऊन गेल्या. कापडवाल्यांची मुलगी कितवी आली ते मी विचारलं नाही.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. आमच्या पाड्यावर रेंज नाही. वरच्या टेकाडावर चढावं लागतं, म्हणून काका कामाशिवाय फोन करत नाहीत.

"पोरीचे दात पडले," ते म्हणाले. "ते दोन, तू म्हणत होतास ते. मक्याचं कणीस खाताना एक, दुसरा आठवड्यानं."

"खाली काही आहे का?"

"आलंय ना. दोन्हीकडं. पांढरं टोक दिसतंय."

"टोकं किती आहेत? काका, तिला विचारा, उंचवटे किती आहेत? आत जिभेकडं एक की दोन?"

काका कुणाशी तरी बोलले. वारा वाजत होता. ती तिथंच होती तर, टेकाडावर.

"तिनं आरशात बघितलंय म्हणते. बाहेर एक, आत दोन. तीन." मग पुन्हा थोडा वेळ बोलणं झालं, आणि काका जरा अवघडून म्हणाले, "तुला दाखवणार नाही म्हणते. दिवाळीला आलास तरी."