सासूबाईंचं विरजण आणि माझं पोट

आता तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू! सासुरवाडीत जावई म्हणून माझा जो काही मान होता, तो एका वाटीत बुडाला.

झालं काय, माझी दाढ सुजली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. दाढ बरी झाली, पण पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगले जंतूही मारले. दही खात जा." बस्स! चुडावा गावी सासुरवाडीत पोचलो आणि ओसरीवर माझं प्रवचन सुरू.

"मामी," मी सासूबाईंना म्हणालो, "प्रोबायोटिक म्हणतात याला! दह्यात जिवंत जंतू असतात. पोटात गेले की लगेच कामाला लागतात. अन्न पचवतात, वाईट जंतूंना पाय ठेवू देत नाहीत!"

"अगं बाई! म्हंजी पोटातबी त्यायचं काम चालूच?"

"मग काय!"

मेव्हणी ओढणी तोंडाला लावून हसली.

दुपारी सगळे कापूस वेचायला गेले. घरात मी एकटा. फळीवर झाकलेली वाटी दिसली. दही! घट्ट, कवडीसारखं! एक चमचा घेतला आणि काय सांगू राव, डोळेच मिटले. वाटी बोटानं पुसून काढली, वर झाकण ठेवलं. कितीतरी दिवसांनी पोट शांत झालं. काय त्या बाईचा हात!

दिवे लागले. सासूबाईंनी दूध कोमट केलं, वाटी उघडली आणि ओरडल्याच, "विरजण कुठं गेलं गं?"

म्हणजे ते विरजण होतं! उद्या मेव्हणीला बघायला पाहुणे येणार, त्यांच्या कढीचं दही त्यावर लागायचं होतं. अख्खी गल्ली सासूबाईंकडून विरजण नेते, पण दिवे लागल्यावर कुणी कुणाला विरजण देत नाही. आता मागणार कुणाला?

"मांजरीनंच खाल्लं आसंल!" मेव्हणी केरसुणी घेऊन धावली.

मीही म्हणालो, "लय माजलीय ती!" म्हणालो हो, खरंच म्हणालो!

मांजर बिचारी नेमकी माझ्याच खाटेखाली शिरली. तिचे डोळे बघवेनात.

"मामी... ते मी खाल्लं."

"म्हाईत हाय. मांजर काय परत झाकण लावती व्हय?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण सासूबाई एका शब्दानं टाकून बोलल्या नाहीत. "जाऊ द्या, पाहुण्यायला खीर करू," म्हणाल्या. एवढं मोठं मन! मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

तेवढ्यात त्यांनी दुधानं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्यापुढं ठेवला.

"विरजण सगळं तुमच्या पोटात हाय, जावईबापू, अन् ते कामालाबी लागलं आसंल. आता हे दूध प्या, कोमटच हाय. अन् सकाळपर्यंत जागचं हालू नका, दही मोडंल!"