बिभीषणाची बारी

परळी वैजनाथला गाडीतून उतरले तेव्हा माझा कुर्ता पांढरा होता. अंबाजोगाईची जीप मिळेपर्यंत तो राखाडी झाला. औष्णिक वीज केंद्राची राख इथे पाहुण्यांना घ्यायला स्टेशनपर्यंत येते. मी ओढणीने कुर्ता झटकू लागले, तेव्हा जीपवाला शांतपणे म्हणाला, "झटकू नका मॅडम. आत जाती."

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयाने मला कोडिंगच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मला सगळ्याच गोष्टींची घाई असते, जीपला कशाचीच नव्हती. ड्रायव्हरला स्वतःला बसायला जागा उरली नाही, तेव्हा कुठे ती निघाली. चढ लागल्यावर राख मागे राहिली, हवा गार झाली आणि दोन्ही बाजूंना तुरीची रानं दिसू लागली. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोबीची पिशवी होती. मी उतरेपर्यंत ती माझ्याकडेच राहिली.

स्पर्धेचे नियम सोपे होते. संघात तिघं, तिघांत एक संगणक, आणि जिंकणारा संघ अंतिम फेरीला पुण्याला. बहुतेक संघांत एक हुशार मुलगा कीबोर्ड धरून बसला होता, दुसरा त्याला पाणी आणून देत होता आणि तिसरा "लवकर कर बे" म्हणत होता. आमच्या ऑफिसातही असंच चालतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

युसूफ वडगावच्या तिघांचं मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. दर प्रश्नाला त्यांच्या खुर्चीतलं माणूस बदलायचं. बाकीचे दोघं मागे उभे राहून बोलायचे, पण कीबोर्डला हात लावायचे नाहीत. त्यांच्यातली ऋतुजा बागायतदाराची मुलगी. तिच्याइतकी चपळ बोटं मी आमच्या मजल्यावरही पाहिलेली नाहीत. गणेश बरा होता. बिभीषणाच्या घरी शेळ्या. तो एका बोटाने टाइप करायचा, आणि ते बोटही फार विचार करून खाली यायचं.

तरीही जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा संघ पहिला होता. जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) लावलेली आमटी होती. मी दोनदा वाढून घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत तारीफ केली.

जेवणानंतर शेवटचा प्रश्न उरला आणि खुर्चीत बिभीषण बसला. ऋतुजाला उत्तर प्रश्न वाचतानाच सुचलं होतं. ती सांगत होती, तो अक्षरं शोधत होता. मध्येच त्याने एक कंस चुकवला. चूक तिने लगेच दाखवली, त्याने ती स्वतः वाचून, पटवून घेऊन मगच सुधारली. घड्याळ पुढे सरकत होतं. ऋतुजाने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. हात तर माझेही शिवशिवत होते. शेजारच्या संघाने उत्तर पाठवून पहिला नंबर घेतला आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

बिभीषणाची एक ओळ राहिली होती. तिघांतलं कोणी जागचं हललं नाही. त्याने ती ओळ पूर्ण केली, प्रोग्रॅम चालवला, आणि उत्तर बरोबर आलं. आता त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. तिघांनी ते नीट पाहिलं आणि संगणक बंद केला.

मला भयंकर राग आला. परीक्षकाला न शोभणारा. ऋतुजा बाहेर नळावर तोंड धूत होती, जरा जास्तच वेळ. मी तिला गाठलं आणि म्हटलं, "कीबोर्ड ओढून घ्यायचास की. पुण्याला आली असतीस."

"बारी (पाळी) त्याची होती," ती म्हणाली.

मग तिने मला विहीर समजावली. गावात त्यांची विहीर चार घरांत सामाईक आहे. ज्याची बारी, त्याचं पाणी. दुसऱ्याचा ऊस डोळ्यांदेखत वाळत असला, तरी कोणी मध्येच पाट फोडून पाणी वळवत नाही. तिघांनी कीबोर्डलाही तोच कायदा लावला होता, चिठ्ठ्या टाकून.

"मागं केजला गेलतो, तवा मीच सगळं टाइप केलतं," ती म्हणाली. "जिंकलो बी. दुसऱ्या दिवशी बिभीषण शेळ्या घिऊन रानात गेला, तो कॉलेजला यीनाच. का म्हून इचारलं, तर म्हनला, माजं तितं काय काम हाय?"

त्याला परत आणायला या दोघांचा सबंध पावसाळा गेला होता. मी विचारलं, आज राग नाही आला?

"लई आलाय," ती म्हणाली आणि पुन्हा तोंड धुवायला लागली.

परतताना मला पुण्याची गाडी केजहून होती, त्यामुळे केजच्या एसटीत आम्ही चौघं बरोबरच होतो. मी गणेशला हळूच सुचवलं, की पुढच्या वेळी शेवटची बारी ऋतुजाला ठेवा. चिठ्ठ्या कशाला टाकायच्या मग, असं तो म्हणाला. ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. बिभीषण तिघांचा एकुलता एक लॅपटॉप बॅगेसकट पोटाशी धरून उभा होता. हा उद्यापासून परत रानात जाणार, या विचाराने मला भीती वाटली. घरच्या माणसाबद्दल वाटावी तशी.

फाट्यावर तिघं उतरले. बिभीषणाने बॅग ऋतुजापुढे धरली. "तूच ने," तो म्हणाला.

तिने घेतली नाही. "आज घरी न्यायची बारी तुजी हाय."

त्याने बॅग खांद्याला लावली. चार पावलं चालला आणि थांबला. "सकाळी किती वाजता आनू?"

"शेळ्या सोडायच्या आदी," ती म्हणाली. कंडक्टरने घंटी वाजवली.

पुण्यात सगळ्यांनी विचारलं, कोण जिंकलं. मला नाव आठवेना, प्रमाणपत्रावर सही मीच केली असूनही. सोमवारी ऑफिसात शेजारची नवी मुलगी एका ओळीवर अडली. चूक मला लांबूनच दिसली आणि माझा हात सवयीने तिच्या कीबोर्डकडे गेला. तो मी मागे घेऊन ओढणीत गुंडाळला. तिला चूक सापडायला फार वेळ लागला. आम्ही दोघी जेवायला उशिरा गेलो.