नाकारता येईल एवढा सारांश

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी कायद्याकडे वळले, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला सूत्र असते अशी माझी धारणा होती. यवतमाळला माझे मार्गदर्शक प्राध्यापक राष्ट्रीय सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. त्यांच्या ग्रंथातील एक प्रकरण त्यांनी माझ्यावर सोपवले होते. देशाच्या सुरक्षेसाठी खटल्याविना स्थानबद्ध केलेल्या माणसाला गोपनीय पुरावा दाखवता येत नसेल, तर त्या पुराव्याचा निदान किती सारांश त्याला सांगावा? माझे उत्तर तयार होते: धोका जितका मोठा, तितका सारांश लहान. हेच प्रकरण एके दिवशी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जायचे होते.

सरांची एक पद्धत होती. असा मजकूर कायद्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी ऐकवल्याशिवाय ते बाहेर जाऊ देत नसत. ते मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. तिथल्या मावशी मूळच्या याच जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या. त्या कांदा चिरत होत्या.

"मावशी, समजा तुम्हाला पकडून नेलंय," सर म्हणाले. "ही तुम्हाला कारण सांगेल."

"काहून? चहा एवढा बिघडला का आज?"

मी माझा नमुना सारांश वाचला. "देशाच्या सुरक्षेस घातक व्यक्तींशी तुमचा संपर्क आहे."

"कोनासंग?"

"ते सांगता येणार नाही."

"कवा?"

"तेही नाही."

त्यांचा हात थांबला. "पोरी, दिवसभर किती मानसं इथं चहा पेऊन जातात. मी कोनाकोनाले वळखू?" मग हळू आवाजात, "अन् नाही म्हनाचं तं कशाले म्हनू?"

सरांच्या खोलीत परतल्यावर मी वाद घातला. नाव उघड झाले तर खबर देणाऱ्याचा जीव जाऊ शकतो, हेही खरेच होते.

"खरंच आहे," सर म्हणाले. "पण तुझ्या सूत्रात धोका तेवढा मोजलाय. त्या बाईला उत्तर देता येईल का, हे कुठे मोजलंस?" घड्याळाकडे न पाहता त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. "पाठवायचं की नाही, तू ठरव. अर्जावर नाव तुझं आहे."

मी सूत्राचे पान काढून टाकले आणि कोऱ्या पानावर लिहिले: निरपराध माणसाला आरोप नेमकेपणाने नाकारता येईल, एवढा तरी सारांश असला पाहिजे. खबर देणाऱ्याला धोका न होता तो कसा द्यायचा, हे पुढच्या वाक्यात सांगायला हवे होते. पाच वाजले, तेव्हा ते वाक्य मला सापडले नव्हते आणि अर्ज अजून माझ्यापुढेच होता.