समन्वयक भावोजी

आमच्या भावोजींना जगाची काळजी फार. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, विमा तिसऱ्याचा, खलाशी चौथ्याचे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं हे त्यांचं काम. हुद्दा समन्वयक. कार्यालयात माणूस एकटा, खुर्च्या मात्र भरपूर. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्याही दुसऱ्यांच्या, आणि घरी येऊन सांगायचं की एकट्याच्या हुकमाचे दिवस गेले, आता जबाबदारी सर्वांची.

सर्वांची म्हणजे कुणाची, ते मला लेकामुळे कळलं. तो जहाजावर इंजिन बघतो. मालकाचं दिवाळं निघालं, जहाज बंदराबाहेर नांगरून पडलं. बाकीचे एकेक करून सुटले, हा शेवटचा राहिला. जहाज माणसाविना सोडायचं नाही असा नियम. बदली पहारेकरी आला तरच याची सुटका. तो पाठवायचा कुणी? मालक झेंड्याकडे बोट दाखवी, झेंडा बंदराकडे, विमावाल्यांचे कानावर हात. लेक फोनवर म्हणायचा, "पाणी आहे, आई." म्हणजे बाकीचं संपत आलंय, एवढं आईला कळतं.

भावोजी आमच्याकडे जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, प्रक्रिया चालू आहे.

"मग तुमच्याच कार्यालयातला माणूस पाठवा पहाऱ्याला," मी म्हटलं.

ते हसले. "घालतो प्रस्तावात, वहिनी. कुणीतरी हरकत घेईलच, मग पटेल तुम्हाला."

त्यांची रीत अशी की प्रस्ताव सगळ्यांना पाठवायचा आणि मुदतीत हरकत आली नाही तर तो मंजूर. आजवर चहाच्या वेळेलासुद्धा कुणी ना कुणी हरकत घेतली होती. त्या भरवशावर भावोजींनी स्वतः घेतली नाही. पण या खेपेला पहारेकरी आयता मिळत होता, तोही दुसऱ्याचा. सगळे गप्प बसले.

कार्यालयातला माणूस म्हणजे भावोजीच. नावेत पाय ठेवताच त्यांना मळमळू लागलं म्हणे. त्याच नावेने लेक परत आला, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. आल्यापासून झोपून आहे. मी मधूनमधून उठून श्वास बघून येते.

जाऊबाई रोज फोन करून विचारतात, यांची बदली कधी? ते ठरवायला बैठक लागते, आणि बैठक बोलावणारा जहाजावर बसलाय. त्या रडतात. मलाही वाईट वाटतं. पण लेकाला बजावून ठेवलंय, काकांचा फोन आला तर उचलायचा नाही.